घर मिळाले, गाव राहून गेले

मे महिना आला की दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणाचे पाणी उतरू लागते. आधी काळवंडलेल्या झाडांचे बुंधे डोके वर काढतात. मग चिऱ्यांच्या जोत्यांच्या रेषा दिसू लागतात, पडक्या पायऱ्या दिसतात, देवळाचे अवशेष दिसतात. हे सांगे तालुक्यातले कुर्डी गाव. १९८० च्या दशकात ते धरणात गेले आणि गावातली कुटुंबे वाड्डे, वालकिणी अशा ठिकाणी जाऊन वसली. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असलेल्या या गावात उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांसाठी माणसे परत येतात. सोमेश्वराच्या उत्सवाला हिंदू येतात, चॅपेलच्या फेस्ताला ख्रिस्ती येतात. आजी-आजोबा नातवंडांना भेगाळलेल्या जमिनीवर नेऊन उभे करतात आणि सांगतात की इथे आपला सोपा होता, तिथे माड होते, पलीकडे भाताचे शेत होते.

नातवंडांना दिसते ती फक्त चिखलाची पापुद्री. आजोबांना मात्र नेमका कोपरा सापडतो. चाळीस वर्षे पाण्याखाली असलेल्या जागेत माणूस न चुकता आपल्या उंबऱ्यापाशी कसा पोहोचतो, आणि तिथे पोहोचण्यासाठी दरवर्षी इतका खटाटोप का करतो? हा प्रश्न वरवर भावनेचा वाटतो. पण गेल्या काही दशकांत मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांनी तो गंभीरपणे घेतला आहे. कारण जागेशी असलेले नाते तुटले की त्याचा परिणाम मनावर आणि शरीरावर होतो, आणि वयस्कर माणसांत तो अनेकदा बुद्धीवरही होतो, असे दिसू लागले आहे.

मराठी माणसाला हे नाते नव्याने सांगायला नको. अनोळखी माणसाला नावापाठोपाठ विचारला जाणारा प्रश्न ‘गाव कोणते?’ हाच असतो. आपली कितीतरी आडनावे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झाली आहेत. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर याच कुर्डीच्या. गाव पाण्यात गेले, आडनावात राहिले. आणि जागा बदलल्यावर होणाऱ्या त्रासासाठी मराठीत एक फार नेमका शब्दप्रयोग आहे: ‘करमत नाही’. त्यात दुखणे नाही, रडणे नाही, कोणाविषयी तक्रारही नाही. तरीही बोलणाऱ्याचे काहीतरी बिनसले आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

युरोपातल्या वैद्यकाने या त्रासाची नोंद फार पूर्वी केली होती. १६८८ मध्ये बाझेल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात मायदेशापासून दूर गेलेल्या स्विस लोकांच्या आजाराचे वर्णन केले. झोप उडणे, भूक मरणे, अंगातली शक्ती जाणे, सतत गावाचे विचार येणे ही त्याची लक्षणे. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द तयार केला. आज आपण तो जुन्या गाण्यांसाठी आणि शाळेच्या आठवणींसाठी वापरतो. जन्माला आला तेव्हा मात्र तो एका रोगाचे नाव होता. पुढे वैद्यकाने तो रोगांच्या यादीतून काढून टाकला, आणि त्याबरोबर जागेचा विचारही दवाखान्याच्या बाहेर गेला.

तो परत आणला एका शहरातल्या अभ्यासाने. अमेरिकेतल्या बोस्टनचा वेस्ट एंड हा इटालियन स्थलांतरितांची दाट वस्ती असलेला भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘सुधारणे’च्या नावाखाली पाडण्यात आला. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने तिथून हललेल्या लोकांना नंतर गाठले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये, आणि पुरुषांतही मोठ्या प्रमाणात, जवळचे माणूस गेल्यानंतर व्हावा तसा तीव्र शोक दिसला. त्याच सुमारास आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले आणि ग्वेंबे खोऱ्यातल्या टोंगा जमातीच्या सुमारे ५७ हजार लोकांना हलावे लागले. थेअर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांचा अनेक दशके मागोवा घेतला. विस्थापनाचा ताण एकाच वेळी शरीरावर, मनावर आणि समाजजीवनावर येतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. नव्या जागी आजार वाढतात, हरवलेल्या घराचा शोक चालू राहतो, आणि जुन्या जागेशी बांधलेले विधी व अधिकार निरर्थक होऊन बसतात. अमुक डोंगराच्या देवाचा मानकरी तो डोंगर मागे राहिल्यावर कशाचा मानकरी?

हे मेंदूच्या पातळीवर कसे घडते, याचा एक धागा हिपोकॅम्पस या भागात सापडतो. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांनी उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, की ज्या प्राणी ठरावीक जागी आला की सक्रिय होतात. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी अंतर आणि दिशा मोजणाऱ्या जाळीसारख्या पेशींचा शोध लावला. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. महत्त्वाची गोष्ट अशी की हाच हिपोकॅम्पस आयुष्यातल्या प्रसंगांच्या आठवणी साठवण्याचेही काम करतो. म्हणजे ‘कुठे’ आणि ‘काय घडले’ यांच्या नोंदी शेजारी शेजारी होतात. विहिरीचा काठ दिसला की तिथे घडलेला प्रसंग आठवतो, तो असा.

शिवाय रोजच्या जगण्याचा मोठा भाग आपण विचार न करता उरकतो. अंधारात उठून माठापर्यंत जाणे, गोठ्याचे दार ढकलणे, बांधावरून तोल सांभाळत चालणे ही कामे पायांना आणि हातांना पाठ झालेली असतात. वय वाढते, नजर अधू होते, विसरायला होते, तेव्हा ही पाठ झालेली जागाच माणसाला सांभाळून घेते. गावात ‘आजी अजून सगळे स्वतः करते’ असे कौतुकाने म्हटले जाते. त्या ‘सगळे करण्या’त आजीच्या तब्येतीइतकाच त्या घराचाही वाटा असतो. म्हणून तिला मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणले की महिन्याभरात ती गोंधळलेली दिसू लागते, आणि घरच्यांना वाटते की विसराळूपणा अचानक वाढला. प्रत्यक्षात तो आधीच थोडाफार असतो, ओळखीच्या घराने तो झाकलेला असतो.

महाराष्ट्रात जागेच्या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा किल्लारीने दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीची जड माळवदे असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज, राज्य सरकारची यंत्रणा, देशभरच्या संस्था आणि दानशूर मंडळी असा सगळा जोर त्यामागे होता. त्या काळात एवढे मोठे काम फारसे कुठे झाले नव्हते, आणि ते झाले ही लहान गोष्ट नाही. नवी घरे भक्कम होती. लोकांनाही ती तशीच हवी होती, दगडाचे नाव काढले तरी अंगावर काटा येत होता.

पण नव्या गावाचा आराखडा जुन्या गावासारखा नव्हता. जुने गावठाण म्हणजे एकमेकांना टेकून उभे असलेले वाडे, अरुंद बोळ, ओटे, पार, आणि मधे कुठेतरी सगळ्यांचे पाय वळतील असे देऊळ. नव्या गावात सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आले, सुटी सुटी घरे आली आणि गाव कित्येक पटींनी पसरले. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका भागात बांधली गेली. त्यामुळे भावकी पांगली, जुना शेजार मोडला. शेत दूर गेले. म्हातारीला देवळापर्यंत जायचे तर उन्हातून रुंद, बिनसावलीचा रस्ता तुडवणे आले.

नव्या वसाहतींचा नंतर अभ्यास करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांनी मिळालेल्या घरात फेरफार सुरू केले होते. पुढे पत्र्याचे शेड, भोवती भिंत, चुलीसाठी आडोसा, जनावरांसाठी जागा. इंजिनिअरच्या नजरेला हे बेकायदा वाढीव बांधकाम वाटेल. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर ही माणसे परक्या जागेला आपली करून घेत होती, आणि ते बरे होण्याचेच लक्षण होते.

किल्लारीनंतर महिन्याभरात मानसोपचारतज्ज्ञांनी चाळीसेक वाचलेल्या लोकांची तपासणी केली होती. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. त्यात आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य हे मुख्य होते. पण हा त्रास कशाचा? ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसांचा, भीतीचा, की गमावलेल्या गावाचा? जिथे एका रात्रीत सगळेच गेले, तिथे हे वेगळे काढणे शक्य नव्हते. आपत्तीपूर्वी ही माणसे कशी होती, याची नोंद कोणापाशीच नसते.

जपानमधल्या इवानुमा या गावात मात्र ती निव्वळ योगायोगाने होती. मार्च २०११ च्या त्सुनामीच्या सात महिने आधी तिथल्या ६५ वर्षांवरील नागरिकांच्या आरोग्याची सविस्तर पाहणी झाली होती. त्सुनामीनंतर अडीच वर्षांनी संशोधकांनी त्याच लोकांना पुन्हा गाठले. हिरोयुकी हिकिची, इचिरो कावाची आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा आहे. ज्यांचे घर उद्ध्वस्त झाले होते, त्यांच्या स्मृती आणि आकलनात घसरण दिसली. तिचा आकार पक्षाघाताच्या झटक्यानंतर होणाऱ्या घसरणीच्या जवळपास होता. नातलग किंवा मित्र गमावण्याचा मात्र आकलनाशी असा संबंध आढळला नाही. याचा अर्थ माणसांपेक्षा घर प्रिय असा नव्हे. माणूस गेल्याचे दुःख वाटून घ्यायला शेजारी असतात. घर गेले की तो शेजारही जातो, आणि त्याबरोबर रोजचे चालणे-बोलणे जाते. वृद्धांच्या मेंदूला सर्वांत जास्त व्यायाम या चालण्या-बोलण्यातूनच मिळतो.

याच गटाने पुढच्या वर्षी आणखी एक तुलना मांडली. इवानुमात घरे गमावलेल्यांपैकी काहींना लॉटरी पद्धतीने किंवा स्वतःच्या सोयीने एकेकटे हलावे लागले, तर काही वस्त्या एकत्र हलवल्या गेल्या. एकेकटे हललेल्यांचे मित्रांना भेटणे, मंडळात जाणे, सहभागी होणे कमी झाले. एकत्र हललेल्यांचे ते टिकले, इतकेच काय, वाढले. जपानने हा धडा आधी फार महाग शिकला होता. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या घरांचे वाटप लॉटरीने झाले आणि वृद्धांना प्राधान्य मिळाले. हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला की एकमेकांना न ओळखणारे वृद्ध एका ठिकाणी गोळा झाले, आणि कोणाच्या लक्षात न येता एकट्याने मरण येण्याच्या घटनांची तिथे मोठी चर्चा झाली. त्यासाठी जपानीत ‘कोदोकुशी’ असा शब्दच आहे.

आपल्या कायद्याला हे अगदीच माहीत नाही, असेही नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्येच कायदा केला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात तर अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना शक्यतो त्याच अनुसूचित क्षेत्रात, एकत्र, सलग वसवावे असे म्हटले आहे. इतर समाजांनाही हीच गरज असते. प्रत्यक्ष वाटपाच्या वेळी मात्र प्लॉट नंबर महत्त्वाचा ठरतो आणि ‘शेजारी कोण?’ हा प्रश्न भावनिक म्हणून बाजूला पडतो. कुर्डीचेच एक उदाहरण आहे. गावातले महादेवाचे कदंबकालीन दगडी मंदिर बुडू नये म्हणून ते उतरवून, एकेक दगड हलवून, सुमारे सतरा किलोमीटरवर पुन्हा उभारले गेले. प्रत्येक दगडाशेजारी पूर्वीचाच दगड बसला. माणसांच्या बाबतीत एवढी काळजी क्वचितच घेतली जाते.

गाव न सोडताही गाव हरवू शकते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणी पसरू लागल्या तेव्हा तिथले शेतकरी आपल्याच घरात राहत होते, पण खिडकीतून दिसणारे जग बदलत चालले होते. धूळ, सुरुंगांचे हादरे, रात्रीचा दिव्यांचा झगमगाट. ग्लेन आल्ब्रेख्त या तत्त्वज्ञाने या अवस्थेला २००३ मध्ये ‘सोलॅस्टॅल्जिया’ असे नाव दिले: घरी असतानाच लागलेली घराची ओढ. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या किंवा टेकड्या फोडून खडी काढली जाते त्या गावांतल्या माणसांना हे परदेशी नाव ठाऊक नसेल. पण लहानपणी गुरे चारलेली टेकडी नाहीशी झाल्यावर छातीत जे होते, ते त्यांना चांगलेच ठाऊक असते.

या सगळ्यात एक सावधगिरी हवी. गावाची ओढ सगळ्यांना सारखी नसते, आणि नसणेही रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर कडक टीका केली होती, ती गावकुसाबाहेरच्या अनुभवातून. ज्याला पाणवठ्यावर वेगळे उभे राहावे लागले, त्याच्यासाठी तो पाणवठा शांत करणारी आठवण नसतो. सासरच्या गावात आयुष्य काढलेल्या बाईचे ‘आपले गाव’ कोणते, हेही विचारल्याशिवाय कळत नाही. लेला स्कॅनेल आणि रॉबर्ट गिफर्ड या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात, आपल्या आवडत्या जागेचे चित्र काही मिनिटे डोळ्यांसमोर आणलेल्या लोकांत आपलेपणा, स्वाभिमान आणि जगण्याला अर्थ असल्याची भावना वाढलेली दिसली. आपलेपणा मिळाला असेल तरच जागा आवडती होते, ही त्यातली न लिहिलेली अट आहे.

ओढीची दुसरी बाजू धोक्याचीही आहे. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच हादरे बसत होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, पुन्हा घरात आले. दरडीच्या छायेतल्या वाड्या हलवायला निघालेल्या अधिकाऱ्यांना आजही ‘पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलो’ हे उत्तर मिळते. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण शेत, गुरे, देव, शेजार यांपैकी नव्या जागी काय मिळणार आणि काय नाही, हे कोणी नीट सांगितलेले नसते. ते सांगितले, जागा दाखवली, कोणाशेजारी कोण राहणार हे लोकांना ठरवू दिले, तर होकार लवकर मिळतो.

घरोघरच्या पातळीवरही करण्यासारखे पुष्कळ आहे. वयस्कर आई-वडिलांना शहरात आणायचेच असेल तर एकदम सामान बांधून आणण्याऐवजी आधी काही दिवसांच्या दोन-तीन फेऱ्या कराव्यात. त्यांची खाट, गोधडी, देवघर, रोजचा तांब्या सोबत यावा. अडगळ वाटली तरी यावा. खाटेवरून उठल्यावर संडास ज्या हाताला होता, शक्य असल्यास त्याच हाताला राहील अशी मांडणी करावी आणि रात्री मंद दिवा ठेवावा, म्हणजे अंधारात पडण्याचा धोका कमी होतो. त्यांना ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणू नये. कुंड्यांना पाणी, भाजी निवडणे, खालच्या दुकानातून दूध आणणे असे एखादे काम पूर्णपणे त्यांचे असावे. गावाकडच्या शेजाऱ्यांशी फोन ठरलेल्या वारी व्हावा. यात्रेला, पेरणीला, कोणाच्या कार्याला त्यांना गावी न्यावे. ‘परत आणताना त्रास होतो’ म्हणून नेणेच टाळणारी घरे बरीच आहेत. निघताना डोळ्यांत पाणी येईल, ते दोन दिवसांत ओसरते.

साधे न करमणे आणि आजार यांतली रेषा मात्र ओळखायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, वजन उतरत असेल, ‘आता जगून काय’ असे बोलणे येत असेल, किंवा गोंधळ एकाएकी वाढला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी वाढलेल्या गोंधळामागे कधी लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग असतो, कधी शरीरातले कमी झालेले मीठ. तो गावाच्या आठवणीवर ढकलून मोकळे होऊ नये. नैराश्य कोणत्याही वयात उपचाराने बरे होऊ शकते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि फोन मोफत असतो.

डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाची चिठ्ठी नेतो तशीच आणखी एक माहिती न विचारता द्यावी: रुग्णाने घर कधी बदलले, आणि आधी कुठे राहत होता. सांधेदुखी, छातीत धडधड, झोप नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या केसपेपरवर पत्त्यासाठी एकच ओळ असते. जुना पत्ता लिहायला जागा नसते.